फ्रेंच इंग्रजीच्या दारानें कां शिकावी?

मुंबई-पुण्याच्या शाळा-महाविद्यालयांतून फ्रेंच हा विषय घेणाऱ्या मुलामुलींची संख्या आज थोडी नाहीं. आणि तीं तो कां घेतात हेंही कांहीं गुपित राहिलेलें नाहीं. फ्रेंचमध्यें गुण सढळ हातानें मिळतात अशी ख्याति आहे, आणि मध्यमवर्गीय घरांत ह्या ख्यातीपुढें दुसरा कोणताही विचार फार वेळ टिकत नाहीं. आमची तक्रार त्या लोभाविषयीं नाहीं. गुणांच्या आशेनें कां होईना, एक समृद्ध भाषा आपल्या घरीं येत असेल तर तिचें स्वागतच केलें पाहिजे. आमची तक्रार आहे ती तिला ज्या दारानें आंत घेतलें जातें त्या दाराविषयीं. मराठी बोलणाऱ्या मुलाला फ्रेंच शिकवितांना प्रत्येक शब्दाचा अर्थ इंग्रजींत सांगावयाचा, प्रत्येक वाक्य इंग्रजींतून फ्रेंचमध्यें उतरवावयाचें, आणि त्या मुलाच्या स्वतःच्या भाषेला वर्गाच्या उंबरठ्याबाहेर उभें ठेवावयाचें, ही आपल्याकडील रूढ रीत आहे. ती निरुपद्रवी आहे असा सार्वत्रिक समज आहे. तो समज खोटा आहे, हें ह्या लेखांत दाखवावयाचें आहे.

वाद मोघम राहूं नये म्हणून आम्ही एकच क्षेत्र निवडतों : बंधन आणि वेळ. काय केलें पाहिजे, किती वाजतां आलें पाहिजे, उशीर झाला तर चालेल काय, न गेलें तर कोणाचा अपमान होईल काय, असले प्रश्न परक्या देशांत राहूं लागलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यांतच पडतात. कवितेचा अर्थ चुकला तर कोणाचें फारसें बिघडत नाहीं. ह्या प्रश्नांचा अर्थ चुकला तर गाडी चुकते, भाड्याची खोली हातची जाते, आणि ज्या घरीं लोकांनीं प्रेमानें जेवावयास बोलाविलें त्या घरचें दुसरें बोलावणें येत नाहीं. आपल्या इकडचीं मुलें उच्च शिक्षणासाठीं दरवर्षीं फ्रान्सला जातात. त्यांच्या दृष्टीनें हा पंडितांचा वाद नव्हे, रोजच्या जगण्याचा आहे.

बंधन सांगण्यासाठीं फ्रेंच बोलणारा मनुष्य मुख्यतः दोन क्रियापदें वापरतो. एक 'इल फो', आणि दुसरें 'दव्वार'. (फ्रेंच उच्चार देवनागरींत तंतोतंत उतरत नाहींत, वाचकांनीं ते जवळपासचे समजावे.) परीक्षोपयोगी मार्गदर्शिकांतून ह्या दोहोंपुढें बहुधा एकच इंग्रजी शब्द छापलेला आढळतो : 'मस्ट'. विद्यार्थी तो पाठ करतो, उत्तरपत्रिकेंत उतरवितो, त्याला गुण मिळतात, आणि दोन वेगळ्या राज्यांचीं नाणीं एकाच पिशवींत टाकून तो पुढच्या धड्याकडे वळतो. बाजारांत गेल्यावर मात्र त्यांतलें कोणतें कोठें चालतें हें त्याला कळत नाहीं.

'इल फो' हें 'फालवार' ह्या क्रियापदाचें रूप. त्याचें मूळ लॅटिन 'फालेरे' ह्या धातूंत आहे. चूक ह्या अर्थाचा फ्रेंच शब्द 'फोत' हाही त्याच कुळांतला. कांहीं तरी उणें पडलें आहे, म्हणून तें हवें आहे, असा ह्या क्रियापदाचा अंतःस्थ भाव. त्याला खरा कर्ता नाहीं. आरंभींचें 'इल' हें सर्वनाम नुसतें जागा भरण्यासाठीं बसविलेलें आहे. इंग्रजी 'मस्ट'ला मात्र कर्ता लागतोच : 'आय मस्ट', 'यू मस्ट'. आतां आपली मराठी पाहा. 'मला जावें लागतें' ह्या वाक्यांत बंधन बाहेरून येऊन माझ्यावर पडतें. मी त्याचा धनी नसून त्याचें ठिकाण आहें. फ्रेंच मनुष्य 'इल म फो' म्हणतो तेव्हां हेंच घडतें. त्यांतील 'म' म्हणजे आपलें 'मला'. आणि साम्य एवढ्यावरच थांबत नाहीं. 'इल फो यून अर' म्हणजे 'एक तास लागतो'. प्रवासाला वेळ किती लागतो, पोळ्यांना पीठ किती लागतें, अर्जावर सही कोणाची लागते, ह्या तिन्ही ठिकाणीं फ्रेंचमध्यें तें एकच क्रियापद चालतें आणि मराठींतही एकच चालतें. इंग्रजीला वेळेसाठीं 'टेक', पिठासाठीं 'नीड', आणि बंधनासाठीं 'मस्ट', असे तीन निरनिराळे नोकर ठेवावे लागतात. जी गोष्ट मराठी मुलाला 'लागणें' ह्या एका शब्दानें क्षणांत उमगली असती, ती त्याला इंग्रजीच्या तीन शब्दांतून फिरवून आणून शेवटीं अवघड म्हणून सांगण्यांत येते.

ह्याच्या पुढची पायरी अधिक बोलकी आहे. 'इल फो'नंतर संपूर्ण उपवाक्य आलें कीं त्यांतील क्रियापद एका विशेष रूपांत जातें, आणि हें रूप म्हणजे इंग्रजी माध्यमांतून फ्रेंच शिकणाऱ्यांचा कर्दनकाळ होय. इंग्रजींतून तें रूप जवळजवळ नामशेष झालें असल्यामुळें शिक्षकाला त्याचें स्पष्टीकरण देतांना फार सायास पडतात. पण 'तूं यावेंस अशी तिची इच्छा आहे', 'त्यानें लवकर निघावें हें बरें', अशीं वाक्यें आपल्या घरांतलें पांच वर्षांचें पोर बोलतें. आमचा विध्यर्थ जागा आहे. त्याला हाक मारण्याऐवजीं आपण शेजारच्या घरीं झोपलेल्या माणसाला उठवावयास जातों, हें कोणतें शहाणपण?

'दव्वार'ची जात निराळी आहे. त्याचा मूळचा अर्थ 'देणें लागणें' हाच. दुकानांत जिन्नस घेतल्यावर गिऱ्हाईक विचारतें, 'कोंब्याँ झ व्हू द्वा?' म्हणजे 'मी तुमचें किती देणें लागतों?' तेंच क्रियापद दुसऱ्या क्रियापदाच्या मागें जोडलें कीं त्याचा अर्थ 'केलें पाहिजे' असा होतो. त्याचें नाम केलें कीं 'कर्तव्य' होतें. आणि तें नाम अनेकवचनीं वापरलें कीं शाळेंतून घरीं करावयास दिलेला अभ्यास होतो. म्हणजे फ्रेंच मुलगा संध्याकाळीं वही उघडून बसतो तो निदान शब्दानें तरी ऋण फेडावयास बसतो. आमचे इंग्रजीचे अभिमानी येथें म्हणतील कीं 'डेट', 'ड्यू' आणि 'ड्यूटी' हे शब्द त्याच लॅटिन धातूपासून आलेले आहेत, आणि 'ऑट' हें तर 'ओ' म्हणजे देणें लागणें ह्या इंग्रजी क्रियापदाचेंच जुनें भूतकाळी रूप आहे. हें खरें आहे. पण तें कोशांत खरें आहे, बोलणाऱ्याच्या मनांत नव्हे. इंग्रजींत हें नातें इतकें बुजलें आहे कीं तें उकरून काढावयास भाषाशास्त्राची कुदळ लागते. मराठींत तें उघड्यावर आहे. 'मी त्याचे शंभर रुपये देणें लागतों' आणि 'मला जावें लागतें' ह्या दोन वाक्यांतील 'लागणें' एकच. आणि 'तो माझा मामा लागतो' असें आपण म्हणतों तेव्हां नात्याचें बंधनही त्याच शब्दानें बांधतों. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशीं तीन ऋणें ज्या परंपरेनें जन्माबरोबरच माणसाच्या माथीं लिहिलीं, त्या परंपरेंत वाढलेल्या मुलाला 'कर्तव्य म्हणजे देणें' हें सांगावयास इंग्रज दुभाषी कशाला हवा?

व्यवहारांत ह्या भेदाचें महत्त्व काय, असें कोणी विचारील. महत्त्व असें कीं 'इल फो'मध्यें धनको नाहीं, आणि 'दव्वार'मध्यें तो आहे. फ्रेंच घरांत जेवणाच्या वेळीं आई म्हणते, 'इल फो मेत्र ला ताब्ल'. आपण म्हणूं, 'ताटें घ्यायला हवींत.' तिनें कोणाचें नांव घेतलें नाहीं, तरी ज्यानें उठावयाचें तो उठतो. तीच आई 'त्यु द्वा' असा आरंभ करील तर तो 'तूं ताटें घेतलीं पाहिजेत' असा बोट दाखवून सांगितलेला हुकूम होतो. कचेरींतल्या खिडकीशीं 'फोतील' म्हणून विचारलें तर 'येथें नियम काय आहे?' असा प्रश्न होतो. 'मी देणें लागतों काय' ह्या वळणानें विचारलें तर माझ्यावर स्वतःवर काय बंधन आहे असा होतो. दोन्ही वापर कांहीं ठिकाणीं एकमेकांत मिसळतात, हें आम्हांस ठाऊक आहे. पण सूर निराळा राहतो, आणि परक्या माणसाची पारख सुरावरूनच होते. पुढें छटा आणखी आहेत. 'त्यु दव्रे' म्हणजे 'तूं जायला हवेंस' हा सल्ला. 'त्यु ओरे द्यु' म्हणजे 'तूं जायला हवें होतेंस' हा ठपका. 'ओब्लिझे' म्हटलें कीं सक्ती आली. आणि 'साँसे' म्हटलें कीं ठरावाची भाषा आली : 'झेते साँसे आरिव्हे आ मिदी', म्हणजे 'मी बारा वाजतां यावयाचा होतों', ऐकणारा लगेच समजतो कीं स्वारी बाराला आलेली नाहीं. मराठींत ह्यांतील प्रत्येकाला स्वतंत्र वळण तयार आहे. मार्गदर्शिकेंत मात्र सगळ्यांची रवानगी दोन-तीन इंग्रजी साहाय्यक क्रियापदांच्या खोड्यांत झालेली असते.

आतां खरा खड्डा पाहा. येथें बंधन आणि वेळ एकत्र येतात. यजमानीण निरोप पाठविते : 'इल न फो पा व्हनीर आव्हाँ वित अर.' ज्यानें 'इल फो' म्हणजे 'आवश्यक आहे' असें घोकलें, तो नकार जोडून अर्थ लावतो : 'आठाच्या आधीं येणें आवश्यक नाहीं.' म्हणजे आलें तरी चालेल. मग आपली उत्सुकता दिसावी म्हणून तो साडेसातलाच दार ठोठावतो. वाक्याचा अर्थ होता, 'आठाच्या आधीं येतां कामा नये.' फ्रेंचमध्यें हा नकार गरज काढून घेत नाहीं, तर मनाई घालतो. गरज नाहीं असें सांगावयाचें असेल तर फ्रेंच मनुष्य 'तुमच्यावर सक्ती नाहीं' किंवा 'तसदी घेण्याचें कारण नाहीं' अशा अर्थाचीं दुसरीं वाक्यें योजतो. येथें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे कीं शब्दाला शब्द ठेवून 'लागत नाहीं' असें भाषांतर करणारा मराठी मुलगाही ह्याच खड्ड्यांत पडेल. पण त्याला बाहेर काढावयास 'कामा नये' ही आपली जुनी, भक्कम दोरी जवळच आहे. 'लागत नाहीं', 'कामा नये' आणि 'नको' ह्या तिहींमधला फरक आपल्याकडे कोणाला शिकवावा लागत नाहीं. फ्रेंचचा नकार कोणत्या घरांत बसतो एवढेंच काय तें एकदां दाखवावें लागतें.

वेळेच्या शब्दांची कथा याहूनही स्पष्ट आहे. इंग्रजींतून शिकलेल्या मुलाची ठरलेली चूक म्हणजे 'झ स्वी तार' हें वाक्य. 'आय ॲम लेट' ह्याचें तें शब्दशः भाषांतर. फ्रेंच तें नव्हे. 'तार' हा शब्द रात्र फार झाली, वेळ टळली, अशा अर्थाचा. ठरलेल्या वेळेहून मागें पडणें म्हणजे 'आँ रतार'. फ्रेंच मनुष्य तर पुष्कळदां म्हणतो, 'झे दी मिन्यूत द रतार', म्हणजे माझ्यापाशीं दहा मिनिटांचा उशीर आहे. आपण काय म्हणतों? 'मला दहा मिनिटें उशीर झाला.' आमचा उशीरही नामच आहे. तो मोजतां येतो आणि तो मला होतो, मी स्वतः उशीर होत नाहीं. मराठी मुलगा स्वतःच्या भाषेंतून निघाला असता तर ही चूक त्याच्या हातून होणें कठीण होतें. तसेंच 'आ लर' आणि 'आ ताँ' हे दोन प्रयोग. पहिला ठरलेल्या ठोक्याला धरून, दुसरा मुदत संपण्याच्या आंत. 'वेळेवर' आणि 'वेळेंत' हे दोन शब्द आपण जन्मापासून वापरतों. मग 'ऑन टाइम' आणि 'इन टाइम' ह्यांतील फरकावर अर्धा तास व्याख्यान कशासाठीं?

शब्दांनंतर आचरणाकडे वळूं. कारण इंग्रजीच्या दारानें केवळ शब्द येत नाहींत, ग्रहही येतात. फ्रेंच लोक वेळेचे ढिले, आणि इंग्रज तेवढे घड्याळाचे पक्के, ही समजूत आपल्या सुशिक्षितांत इतकी मुरलेली आहे कीं फ्रान्सची दहा दिवसांची सहल करून आलेला गृहस्थही तीच घेऊन परत येतो. जेवणाचें आमंत्रण आठाचें होतें आणि मंडळी सव्वाआठला आलीं, हा त्याचा पुरावा. ह्या गृहस्थानें आपला पुरावा नीट पाहिलेला नाहीं. फ्रेंचमध्यें ह्या पंधरा मिनिटांना नांव आहे : 'कार दर द पोलितेस', म्हणजे सभ्यतेचा पाव तास. यजमानाला आवरासावर करावयास तो दिलेला असतो. त्यामुळें दहा-पंधरा मिनिटें मागून जाणें शिष्टसंमत, आणि पांच मिनिटें आधीं जाणें अशिष्ट. तूलूझ, बोर्दो, नाँत अशीं शहरें तर ह्या पाव तासाला आपापलें नांव देऊन तो आपलाच म्हणून सांगतात. ज्या शिथिलतेला माप आहे, नांव आहे आणि दोन्ही बाजूंनीं हद्द आहे, ती शिथिलता नव्हे. तो नियम आहे. त्याच गृहस्थानें त्याच संध्याकाळीं आठाची लांब पल्ल्याची वेगवान आगगाडी पकडावयाची असती, तर त्याला कळलें असतें कीं तिचीं दारें सुटण्याच्या 2 मिनिटें आधीं बंद होतात. आगगाडीचे आठ म्हणजे आठाच्या आधीं, आणि जेवणाचे आठ म्हणजे आठाच्या नंतर. लिहिण्या-बोलण्यांतही बहुधा हा भेद दिसतो : वेळापत्रक 'वीस वाजतां' म्हणतें, स्नेही 'संध्याकाळीं आठाला' म्हणतो. 'पील' म्हटलें कीं ठोक्याला, 'व्हेर' म्हटलें कीं सुमारास. म्हणून तेथें विचारावयाचा प्रश्न 'किती वाजतां?' एवढाच नसतो. 'हे आठ कोणत्या जातीचे?' हाही असतो.

आणि ढिलाईचा आरोप इतिहासाच्या कसोटीवरही टिकत नाहीं. 1891 पर्यंत फ्रान्समधील गांवें आपापल्या सूर्यावर चालत. नीसचें घड्याळ पॅरिसच्या सुमारें 20 मिनिटें पुढें, तर ब्रेस्टचें सुमारें 27 मिनिटें मागें असे. 14 मार्च 1891 च्या कायद्यानें सगळ्या देशाला पॅरिसची वेळ लागू झाली. त्या काळीं आगगाडीच्या स्थानकांत एक मौजेची व्यवस्था होती : बाहेरच्या दर्शनी घड्याळांत पॅरिसची वेळ, आणि आंतल्या घड्याळांत तिच्याहून 5 मिनिटें मागें ठेवलेली वेळ, गाड्या आंतल्या घड्याळानें सुटत. धांवत येणाऱ्या उतारूला दिलेली ही सवलत. पण तीही मिनिटें मोजून दिलेली. पुढें जगानें ग्रिनिचची वेळ स्वीकारली. फ्रान्सला ती घेणें भाग होतें, परंतु तिचें नांव घेणें जिवावर येत होतें. तेव्हां 9 मार्च 1911 च्या कायद्यानें असें ठरलें कीं फ्रान्सची वेळ म्हणजे पॅरिसची सरासरी वेळ, मात्र 9 मिनिटें 21 सेकंद मागें! हीच ग्रिनिचची वेळ. 'इल फो'ची वृत्ति कायद्याच्या भाषेंत उतरलेली पाहावयाची असेल त्यानें हा कायदा पाहावा : बंधन मान्य, देणें पोंचतें केलें, पण धनकोचें नांव नाहीं. त्याच राष्ट्रानें 14 फेब्रुवारी 1933 रोजीं पॅरिसच्या वेधशाळेंत दूरध्वनीवरून वेळ सांगणारें बोलकें घड्याळ सुरू केलें, आणि तें 1 जुलै 2022 पर्यंत, म्हणजे 89 वर्षें, लोकांना सेकंद सांगत राहिलें. वेळेची पर्वा नसलेल्या लोकांना हे उपद्व्याप सुचत नाहींत. वक्तशीरपणा ही राजांची सभ्यता होय, हें वचनही अठराव्या लुईच्या नांवावर सांगितलें जातें तें इंग्लंडांत नव्हे.

फ्रेंचमध्यें वेळ आणि देणें हीं दोन्हीं किती जवळ राहतात ह्याच्या खुणा रोजच्या बोलण्यांत विखुरलेल्या आहेत. भेटीची ठरलेली वेळ म्हणजे 'राँदेव्हू'. हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांनीं प्रेमिकांच्या गांठीभेटींत अडकवून ठेवला आहे. पण तो मुळांत आज्ञार्थी क्रियापद आहे, 'हजर व्हा' असें सांगणारें, आणि त्याच धातूचा दुसरा अर्थ 'परत देणें' असा आहे. दंतवैद्याकडील वेळ, सरकारी कचेरींतील वेळ, घरमालकाशीं ठरलेली वेळ, सगळ्या 'राँदेव्हू'च. ज्यानें ती मोडली त्यानें नुसतें घड्याळ मोडलें असें नव्हे, दुसऱ्याचें देणें बुडविलें. राब्लेच्या नांवानें तर एक पाव तासच प्रसिद्ध आहे. ह्या थोर विनोदी लेखकाला खाणावळीचें बिल भागवावयास पैसे नव्हते, अशी आख्यायिका आहे. तीवरून पैसे मोजण्याच्या कसोटीच्या घटकेला 'राब्लेचा पाव तास' म्हणतात. त्याच राब्लेनें 1546 सालच्या आपल्या ग्रंथांत एका पात्राकडून कर्जाची भली लांबलचक स्तुति करविली आहे : सारें जग एकमेकांचें देणें लागतें म्हणूनच तें चालतें, असा त्या स्तुतीचा मथितार्थ. ज्याच्या भाषेंत नातेंही 'लागतें' आणि कर्जही 'लागतें', त्या मराठी वाचकाला तो विनोद इंग्रजी टीपांवांचून कळेल.

ह्यावर तीन आक्षेप येतील, त्यांना उत्तर देऊन ठेवूं. पहिला आक्षेप नव्या शिक्षणशास्त्र्यांचा : फ्रेंच ही फ्रेंचमधूनच शिकवावी, मध्यें कोणतीच भाषा नको. तत्त्व उत्तम आहे. पण शिक्षक गप्प बसला म्हणून विद्यार्थ्याचें मन गप्प बसत नाहीं; तें अर्थ शोधतच असतें, आणि शाळेनें त्याला जी वाट पाडून दिली आहे त्या इंग्रजीच्या वाटेनेंच तें मुकाट्यानें जातें. 'झ स्वी तार' हें वाक्य अशा वर्गांतूनही ऐकूं येतें तें उगीच नव्हे. दुसरा आक्षेप सोयीचा : मुंबईच्या वर्गांत गुजराती, तमिळ, हिंदी बोलणारींही मुलें असतात, त्यांचें काय? त्यांच्या शिक्षकांनीं त्यांच्या भाषांना असेच प्रश्न विचारावे. 'मला जावें लागतें' अशी बंधन माथ्यावर घेणारी वाक्यरचना एकट्या मराठीची मिरास नाहीं. हिंदींतही 'मुझे जाना है' असेंच म्हणतात. वर्गांत चार भाषा आहेत म्हणून चारही बाहेर घालवून पांचवीला गादीवर बसवावें, हा न्याय कोणता? तिसरा आक्षेप आजच्या काळाचा : खिशांतला दूरध्वनी क्षणांत भाषांतर करून देतो, मग एवढा खटाटोप कशाला? यंत्र तुम्ही दिलेलें वाक्य उलटून देतें. पण कोणतें वाक्य विचारावयाचें, नियम विचारावयाचा कीं स्वतःचें देणें विचारावयाचें, आणि 'आठ' हे गाडीचे कीं पंगतीचे, हें यंत्राला तुम्ही सांगावयाचें असतें. ज्याला प्रश्नच माहीत नाहीं त्याला उत्तर देणारें यंत्र अजून निघालेलें नाहीं.

आम्ही इंग्रजीचे वैरी नाहीं. ज्या भाषेनें आमचें पोट भरलें आणि आमच्या पिढीचें मन घडविलें तिचें ऋण आम्ही देणें लागतों, आणि तें नाकारण्याचा कृतघ्नपणा आमच्याकडून होणार नाहीं. पण ऋणको असणें वेगळें आणि कुळकायम गुलाम असणें वेगळें. जगाकडे पाहावयाचें तें इंग्रजीच्याच खिडकींतून, अशी सवय एकदां लागली कीं फ्रेंच मनुष्य आपणांस इंग्रजाचा बिघडलेला शेजारी दिसूं लागतो, आणि स्वतःची भाषा तर दिसेनाशीच होते. ह्यांतील दुसरें नुकसान अधिक मोठें आहे. 'लागणें' ह्या साध्या क्रियापदांत कर्ज, नातें, वेळ आणि बंधन एकत्र नांदतात, हें मराठी मुलाला त्याच्या मराठीच्या तासाला कोणी सांगत नाहीं. फ्रेंचच्या तासाला तें सांगण्याची संधि चालून येते, आणि ती आपण दवडतों.

म्हणून फ्रेंचच्या शिक्षकांना आमचें सांगणें थोडकें आहे. इंग्रजी मार्गदर्शिका फेंकून द्या असें आम्ही म्हणत नाहीं. परीक्षेला त्या लागतील तर लागोत. मात्र तिच्यांतील 'मस्ट'वर रेघ ओढून बाजूला दोन ओळी मराठींत लिहा : येथें 'लागतें', येथें 'देणें लागतों'. नकाराच्या रकान्यांत 'कामा नये' लिहा. 'लेट'वर रेघ ओढून 'मला उशीर झाला' लिहा, आणि मुलांना सांगा कीं आठ वाजतां म्हणजे केव्हां हें प्रथम विचारा. पालकांनींही गुणपत्रिका हातांत घेतांना मुलाला एकच प्रश्न विचारावा : 'फ्रेंच घरीं जेवावयास बोलावलें तर तूं किती वाजतां जाशील, आणि तें कसें विचारशील?' शंभरांपैकीं पंचाण्णव गुण मिळविणारा जर ह्यावर निरुत्तर झाला, तर त्या गुणांचा हिशेब कोणी तरी पुन्हां तपासला पाहिजे. तो कोणी तपासावयाचा हें मात्र आम्ही 'इल फो'च्या आड लपवीत नाहीं. तें देणें शिक्षकांचें आहे, आणि त्याची मुदत केव्हांच टळून गेली आहे.